स्कोअर किती आला?

२०२१चा एप्रिल महिना, कोविडची दुसरी लाट. पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात कुणाच्याही घरी फोन लावला की 'कसे आहात'नंतरचा प्रश्न ठरलेला असायचा, "स्कोअर किती आला?" आयपीएल चालू होती, पण विचारणारा तिच्याबद्दल विचारत नसे. पलीकडून उत्तर यायचं, "पंचवीसपैकी आठ." मग सीटी व्हॅल्यू, मग ऑक्सिजन, मग सीआरपी आणि डी-डायमर या रक्तचाचण्या. दहावीनंतर विज्ञानाच्या वाटेला न गेलेली माणसंसुद्धा हे शब्द कांद्या-बटाट्याच्या भावासारखे सहज बोलत होती.

साथीच्या काळात लोक कसे वागले याची चर्चा निघाली की एक ठरावीक तक्रार ऐकू येते. लोकांना कळत नाही, लोक ऐकत नाहीत, जे ऐकू नये तेच ऐकतात. ही तक्रार अर्धवट आहे. लोकांनी माहिती घेतली, अगदी हावरेपणाने घेतली. घोटाळा झाला तो पुढच्या टप्प्यावर. वैद्यकातल्या प्रत्येक आकड्याला एक अट चिकटलेली असते: कितव्या दिवशी मोजला, कुणाचा मोजला, कशाने मोजला. आकडा छोटा असतो, तो फोनवरून सुटसुटीत जातो. अट लांबलचक असते. ती पहिल्या फॉरवर्डमध्येच गळते.

तो २५पैकीचा स्कोअरच घ्या. फुप्फुसाचे पाच खंड, उजवीकडे ३ आणि डावीकडे २. एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, काढल्यावर रेडिओलॉजिस्ट प्रत्येक खंडाचा किती भाग धूसर झालाय ते बघतो आणि ० ते ५ गुण देतो. ५ टक्क्यांहून कमी असेल तर १, साधारण चतुर्थांशापर्यंत २, निम्म्यापर्यंत ३, पाऊण भागापर्यंत ४, त्यापुढे ५. बेरीज जास्तीत जास्त २५. आपल्याकडे ८पर्यंत सौम्य, ९ ते १५ मध्यम आणि त्यावर गंभीर अशी ढोबळ वाटणी रूढ झाली. हे गुण नजरेने दिलेले असतात, त्यामुळे एकाच स्कॅनला दोन डॉक्टर ७ आणि ९ देऊ शकतात. म्हणजे एकाकडे सौम्य, दुसऱ्याकडे मध्यम.

आणि अट? आजाराचा दिवस. सुरुवातीच्या चिनी रुग्णांच्या अभ्यासात लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत काढलेल्या स्कॅनपैकी निम्म्याहून जास्त स्वच्छ होते. फुप्फुसातल्या खुणा सर्वात ठळक होतात त्या १०व्या दिवसाच्या आसपास. म्हणजे ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी धावत जाऊन काढलेल्या स्कॅनमध्ये स्कोअर १ आला तर त्याचा अर्थ 'वाचलो' असा होत नाही, 'अजून काही सांगता येत नाही' असा होतो. उलट १२व्या दिवशी १३ स्कोअर आलेला माणूस घरात हिंडतोय, जेवतोय, ऑक्सिजन ९७ आहे, तर बहुतेक वेळा तो उताराला लागलेला असतो. घरोघरी मात्र उलटं चाललं होतं. १वाला निर्धास्त आणि १३वाला बेड शोधत.

त्याच अहवालात आणखी एक ओळ असायची, 'को-रॅड्स ५'. ती वाचून लोकांचे पाय लटपटायचे. को-रॅड्स ही डच रेडिओलॉजिस्टांनी काढलेली पट्टी. स्कॅनवरून हा कोविड असण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. ५ म्हणजे कोविडच असावा आणि ६ म्हणजे चाचणीने आधीच सिद्ध झालेला. आजार किती झालाय याच्याशी तिचा संबंध नाही. पण अहवालात एकाखाली एक दोन आकडे आले की माणूस जास्त भीतीदायक वाटणारा आकडा उचलतो.

सीटी व्हॅल्यूची गंमत वेगळीच होती. आधी तर नावाचाच गोंधळ, कारण या सीटीचा त्या सीटी स्कॅनशी काही संबंध नाही. आरटी-पीसीआर चाचणीत नमुन्यातला विषाणूचा अंश दर फेरीला साधारण दुप्पट केला जातो. कितव्या फेरीला तो यंत्राला दिसला, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. विषाणू भरपूर असेल तर लवकर दिसतो, म्हणून आकडा लहान. साधारण ३.३ फेऱ्या म्हणजे दहापट, या हिशेबाने १८ आणि २८ यांच्यात हजारपटीचा फरक पडतो. आपल्याला गुण जास्त म्हणजे चांगले किंवा ताप जास्त म्हणजे वाईट अशी सवय. उलटी चालणारी पट्टी डोक्यात बसायला वेळ लागला. बसली, तेव्हा लोक शेजाऱ्याच्या २४शी आपला १९ ताडून पाहू लागले. नमुना घेताना काडी नाकात किती आत गेली, कुठलं किट, कुठल्या जनुकावरून मोजणी, आजाराचा कितवा दिवस, हे वेगळं असेल तर ही तुलना म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवरची वजनं. हा मोह फक्त सोसायटीच्या ग्रुपलाच पडला असंही नाही. पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा ३५ऐवजी २४वर आणता येईल का, अशी विचारणा महाराष्ट्रातून आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) झाली होती. उत्तर नकारार्थी आलं, कारण तसं केलं असतं तर संसर्ग पसरवू शकणारे कितीतरी रुग्ण चाळणीतून निसटले असते.

आता लोकांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. आकड्यांचं हे वेड हौसेचं नव्हतं. त्या दिवसांत आकडा म्हणजे तिकीट होतं. मुंबईत खाटा मिळायच्या त्या २४ वॉर्डांच्या वॉर रूममधून, आणि तिथे फोनवर पहिल्यांदा विचारायचे वय, अहवाल आणि ऑक्सिजन. फॅमिली डॉक्टरही फोनवरच. जो डॉक्टर एरवी चेहरा बघून, छातीला नळी लावून ठरवतो, त्याला फक्त चार आकडे ऐकून ठरवायचं होतं. मग आकडे गोळा करणं हाच लोकांच्या मते उपचार झाला. राज्य सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये एचआरसीटीचे दर मशीनच्या ताकदीनुसार २०००, २५०० आणि ३००० रुपयांवर बांधून दिले. गरज होतीच, लूट चालली होती. पण त्यानंतर स्कॅन काढणं मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आलं आणि रांगा लांबल्या.

त्या रांगा कमी व्हाव्यात म्हणून ३ मे २०२१ रोजी एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं, एक सीटी स्कॅन म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. सौम्य आजारात स्कॅन काढू नका, हा त्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने तत्काळ हरकत घेतली: आताच्या कमी डोसच्या मशीनवर हा हिशेब ५ ते १० एक्स-रेइतका येतो. कुठलं मशीन, किती डोस, ही अट इथेही गळालेली. फरक एवढाच की या वेळी ती वरूनच गळून आली होती.

अशी सगळ्यात पहिली अट गळाली ती २०२०च्या मार्चमध्ये, आणि तिने आपल्याला वर्षभर दुधाच्या पिशव्या धुवायला लावल्या. प्रयोगशाळेत विषाणू प्लास्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडला, असा निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध झाला. ७२ हा आकडा घरात शिरला आणि दारातच टेबल मांडून बसला. पिशवी साबणाने धुवा, भाजी खायच्या सोड्यात बुडवा, कुरिअरचं खोकं तीन दिवस बाल्कनीत ठेवा. मुंबईत मार्चअखेर काही दिवस वर्तमानपत्रंच निघाली नाहीत.

मूळ प्रयोगात काय होतं? पृष्ठभागावर सुरुवातीलाच भरपूर विषाणू सोडलेला. प्लास्टिकवर त्याचं अर्धायुष्य जेमतेम ७ तासांचं. म्हणजे ७ तासांत निम्मा, १४ तासांत पाव, आणि ७२ तास उलटेपर्यंत हजार भागांतला एखादा. '७२ तास जगतो' आणि '७२ तासांनी मोजता येण्याइतका जेमतेम उरतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. २०२१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने स्पष्ट केलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागण्यातून संसर्ग होण्याची शक्यता साधारण १०,०००त १हूनही कमी. तोवर धोका खरा होता तिथे, म्हणजे बंद खोलीतल्या हवेत, आपण निवांत बसलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी 'हा आजार हवेतून पसरत नाही' असं ठासून सांगितलं होतं, आणि ते वाक्य मागे घ्यायला पुढे फार वेळ लावला. त्यामुळे पिशवी धुणारी गृहिणी मूर्ख नव्हती. तिला जे सांगितलं गेलं ते तिने प्रामाणिकपणे केलं. खिडकी उघड, हे तिला कुणी तितक्या जोराने सांगितलं नाही.

यातलं सर्वात महाग पडलेलं प्रकरण स्टिरॉइडचं. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष आले आणि डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड जीव वाचवतं हे पहिल्यांदा पक्कं कळलं. डोस दिवसाला ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या १०० रुग्णांपैकी ४१ दगावायचे, ते २९वर आले. ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६चे २३ झाले. आणि ज्यांना ऑक्सिजन लागलेलाच नव्हता? त्यांच्यात फायदा दिसला नाही. आकडा १४वरून जवळपास १८कडे, म्हणजे झुकला तर वाईटाकडेच. कारण समजायला अवघड नाही. पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी लढत असतं, तेव्हा स्टिरॉइड दिलं की आपल्याच सैन्याचे हात बांधले जातात. दुसऱ्या आठवड्यात तेच सैन्य बेभान होऊन घर जाळायला निघतं, तेव्हा हात बांधणं उपयोगी.

ही अट कशी गळाली ते पाहायचं तर त्या काळात फोनवर फिरलेली चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. डॉक्टरच्या लेटरहेडचा किंचित तिरका फोटो. वरची नावाची ओळ बोटाने झाकलेली किंवा कापलेली. खाली आयव्हरमेक्टिन १२, डॉक्सी १००, झिंक ५०, क जीवनसत्त्व ५००, आणि शेवटी स्टिरॉइडची गोळी, एक सकाळी एक संध्याकाळी. नाव झाकलं हे चांगलंच केलं. पण नावाबरोबर वय गेलं, वजन गेलं, साखरेचा आजार आहे की नाही ते गेलं, आणि ही चिठ्ठी आजाराच्या कितव्या दिवशी लिहिली तेही गेलं. डॉक्टरने एका माणसासाठी ९व्या दिवशी लिहिलेली ओळ दहा घरांत दुसऱ्या दिवशी गिळली गेली. त्या घरांतल्या कुणाला मधुमेह असेल, साखर ३००च्या पुढे गेली असेल आणि कुणी मोजलीच नसेल, तर म्युकरमायकोसिसला, म्हणजे 'काळी बुरशी' म्हणून गाजलेल्या आजाराला, अंगण सारवून दिल्यासारखंच. मे २०२१मध्ये महाराष्ट्रात म्युकरचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा लोकांनी दोष कशाला दिला? कांद्याच्या सालीवरच्या काळ्या पुडीला. कांद्यावरची ती काळी बुरशी वेगळ्या जातीची, म्युकरशी तिचं नातं नाही. 'काळी बुरशी' या नावात 'काळी' आहे, एवढाच पुरावा. लासलगावच्या देशात कांद्यावर आळ यावा हे जरा अतीच झालं.

रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनचंही तसंच. सहा बाटल्या, पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस १००. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला, लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत, अशी आपल्याकडची अट. जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर २०२०मध्येच ते वापरू नका म्हणून सांगितलं होतं. तरी एप्रिलमध्ये औषधांच्या दुकानांसमोर ज्या रांगा लागल्या त्यांत १२व्या-१४व्या दिवसाच्या रुग्णांचेही नातेवाईक होते. त्यांना दोष कसा देणार? चिठ्ठी हातात होती. बापाला वाचवायला काहीतरी करता येतंय, ही भावना त्या सहा बाटल्यांत होती.

काढ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आयुष मंत्रालयाचं प्रमाण होतं तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १. त्यातली ३ ग्रॅम पूड १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एक-दोनदा. घरोघरी याची मूठमूठ झाली आणि दोनदाचं पाच वेळा. मग छातीत जळजळ, तोंड आलेलं. आर्सेनिकम अल्बम ३०च्या होमिओपॅथीच्या गोळ्या सोसायटीत, शाखेत, नगरसेवकाच्या फोटोसह वाटल्या गेल्या. इतक्या विरलेल्या औषधात मूळ पदार्थाचा एक रेणूही उरत नाही, तेव्हा अपाय गोळीचा नव्हता. गोळी घेतली म्हणून मास्क हनुवटीवर आला, तो अपाय. वाफेने मात्र लोक खरोखर भाजले. उकळत्या पाण्याचं भांडं मांडीवर किंवा पलंगावर घेऊन, वरून चादर, शेजारी लहान मूल. चोंदलेलं नाक मोकळं व्हायला वाफ ठीक, पण विषाणू मरेल इतकी उष्णता नाकाच्या आतल्या नाजूक कातडीला सोसत नाही.

भाषेनेही गोंधळ वाढवला. 'आयसोलेशन'ला विलगीकरण आणि 'क्वारंटाईन'ला अलगीकरण असे दोन सरकारी शब्द निघाले. आजारी माणसाला वेगळं ठेवणं ते विलगीकरण, संपर्कात आलेल्या पण आजारी नसलेल्याला ठेवणं ते अलगीकरण. एका अक्षराचा फरक, तो फलक लावणाऱ्यांनाही पाळता आला नाही. लोकांनी दोन्ही टाकून 'क्वारंटाईन केलं' हेच धरलं. मार्च २०२०त डाव्या हातावर मतदानाच्या शाईचे शिक्के मारले गेले, तेव्हा तर हा शब्द हातकडीसारखा झाला. 'संशयित' म्हणजे ज्याच्यात आजाराची शक्यता आहे असा, पण मराठी कानाला संशयित भेटतो तो पोलिसांच्या बातमीत. आणि 'सामाजिक अंतर'! ज्या महाराष्ट्राने विहिरी आणि पाणवठ्यांवरून सामाजिक अंतराचा इतका इतिहास पाहिला, तिथे हा शब्दप्रयोग कसा सुचला कोण जाणे. 'शारीरिक अंतर' किंवा सरळ 'सहा फूट लांब' एवढ्यावर भागलं असतं.

शिवाय निरोप बदलत गेले. ८ मे २०२०ला केंद्राने सौम्य रुग्णांसाठी नियम बदलला: लक्षणं सुरू होऊन १० दिवस झाले आणि शेवटचे ३ दिवस ताप नसेल तर पुन्हा चाचणी न करता घरी सोडायचं. कारण पक्कं होतं. विषाणूचे मेलेले तुकडे नाकात कित्येक आठवडे सापडतात, चाचणी पॉझिटिव्ह येते, पण माणूस कुणाला आजार देत नाही. तरी सोसायटीचा सेक्रेटरी गेटवर विचारायचा, "निगेटिव्हचा रिपोर्ट?" त्याच्या लेखी नियम बदलला नव्हता, खाटा संपल्या होत्या. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर ४ ते ६ आठवड्यांवरून आधी ६ ते ८ आणि १३ मे २०२१ला १२ ते १६ झालं, तेव्हाही हेच. चाचण्यांत ६ आठवड्यांहून कमी अंतराने परिणामकारकता ५५ टक्के आणि १२ आठवडे किंवा जास्त अंतराने ८१ टक्के दिसली होती. पण जाहीर झालं ते लस मिळत नव्हती त्या आठवड्यांत. कारण शास्त्रीय आणि वेळ संशयास्पद, असं एकाच वेळी होऊ शकतं. लोकांनी वेळेवरून कारण ओळखलं. व्यवहारात आपण सगळे तेच करतो.

हा संशय आजचा नाही. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला, तो ओळखला गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. महिन्याभरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तिथे नेतात ते मारायला, व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा सूड म्हणून, अशी वदंता होती. जानेवारी १८९७मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे सैनिक घरात घुसून तपासणी करू लागले, आणि त्याच मार्चमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. एकाच शहरात, एकाच महिन्यात आरोग्यसेवा घरी येण्याच्या या दोन तऱ्हा. पुढे १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली, त्यांतले १९ धनुर्वाताने मेले. सगळे १९ एकाच बाटलीतली लस घेतलेले. बाटली दूषित झाली होती. हाफकिन दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडलं. १९ हा आकडा देशभर गेला, बाटली एकच होती ही गोष्ट मागे राहिली.

जून २०२१मध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ गृहस्थांच्या अंगाला लसीनंतर चमचे आणि नाणी चिकटत असल्याचा व्हिडिओ गाजला. टीव्हीवर तावातावाने चर्चा झाल्या. खरं तर दोन मिनिटांचा प्रयोग होता. घामट, तेलकट, केस नसलेल्या कातडीला गुळगुळीत, हलकी वस्तू चिकटते. तिथे टाल्कम पावडर लावा, पडते. चुंबकाला पावडरीने फरक पडत नाही. मजा म्हणजे स्वयंपाकघरातलं बरंचसं चांगलं स्टील आणि आपली नाणीसुद्धा सगळी चुंबकाला चिकटतातच असं नाही. फ्रिजवरचं चुंबक घेऊन तपासता आलं असतं. अर्धा घन सेंटिमीटर लसीत चमचा धरून ठेवणारं चुंबक मावत नाही, हे निराळंच.

आणि मग तो ऑक्सिमीटर. साथीत सामान्य घरात आलेलं सगळ्यात कामाचं यंत्र, आणि सगळ्यात चुकीचं वाचलं गेलेलं. चिमट्याच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त त्यांना वेगवेगळं शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. धडधडणाऱ्या रक्ताचाच भाग मोजायचा असल्याने नाडी नीट लागली पाहिजे. बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, हात थरथरत असेल, वर ऊन पडत असेल तर आकडा भरकटतो. चांगल्या यंत्रातही दोनेक अंकांची चूक धरायची. सावळ्या त्वचेत तो खऱ्याहून थोडा जास्त दाखवू शकतो, हे आपल्या देशात तरी ठळक अक्षरांत सांगायला हवं होतं.

पडद्यावर आकडे दोन असतात, ऑक्सिजन आणि नाडी. घाबरलेला माणूस नाडीचे ८८ वाचून ऑक्सिजन गेला म्हणून ओरडतो. आणखी एक खोड आहे. काड्याकाड्यांच्या आकड्यांत ९८ उलटे धरले की ८६ दिसतात. रुग्ण पलंगावर, बघणारा समोर खुर्चीत. रुग्णाला ९८ दिसतात, समोरच्याला ८६. करून बघा.

मोजायची पद्धत अशी. पाच मिनिटं शांत बसायचं. हात चोळून गरम करायचे, तळहात छातीच्या उंचीवर टेकवायचा. तर्जनी किंवा मधलं बोट पूर्ण आत सरकवायचं. पहिला आकडा सोडून द्यायचा, अर्धा ते एक मिनिट थांबायचं, स्थिरावलेला आकडा लिहायचा. मग राज्याच्या आरोग्य खात्याने सांगितलेली सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी: बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातल्या घरात, सपाट फरशीवर, नेहमीच्या वेगाने चालायचं. जिना नाही. साठीपुढच्यांना तीन मिनिटं पुरे, दम्याच्या रुग्णांनी ही चाचणी करायचीच नाही. चालून आकडा ९३च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा ३हून जास्त घसरला, किंवा धाप लागली, तर डॉक्टर. बसून ९६ असलेला माणूस चालून ९१वर येतो, तेव्हा फुप्फुस काय लपवत होतं ते कळतं.

९४च्या खाली आकडा गेला आणि खाट मिळेपर्यंत वेळ काढायचा असेल तर पालथं झोपणं खरंच कामाचं. चार-पाच उशा: एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. अर्धा तास ते दोन तास, मग कूस बदलायची. जेवल्यावर तासभर नाही. गरोदर बाईने, हृदयाचा मोठा विकार असलेल्याने नाही. याच निरोपासोबत फिरत होती कापूर, ओवा आणि लवंगांची पुरचुंडी, हुंगली की ऑक्सिजन वाढतो म्हणून. कापराने नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, रक्तातला ऑक्सिजन तिथेच राहतो. उशांचा निरोप सहा ओळींचा होता, पुरचुंडीचा एका ओळीचा. जास्त कुठला फिरला ते सांगायला नको. एप्रिल २०२०पासून व्हॉट्सअॅपने खूप फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली होती. लोक कॉपी करून चिकटवू लागले.

घरात अट टिकली ती एकाच ठिकाणी, फ्रिजच्या दाराला चिकटवलेल्या वहीच्या कागदावर. सुरुवातीच्या दिवशीच काही डॉक्टर तो आखून घ्यायला सांगायचे. वर तारखेऐवजी आजाराचा दिवस: तिसरा, चौथा, पाचवा. रकाने पाच: वेळ, ताप, बसून ऑक्सिजन, चालून ऑक्सिजन, मिनिटाला श्वास. चार-चार तासांनी भरायचा. चुका इथेही व्हायच्या. मनासारखा आकडा येईपर्यंत बोटं बदलत राहायची आणि सर्वात चांगला लिहायचा, ही नेहमीची. पण पाचवा रकाना नीट भरला तर त्याला यंत्रही लागत नव्हतं. फक्त तो रुग्णाला न सांगता भरावा लागतो, कारण श्वास मोजतायत म्हटलं की माणूस श्वास सावरतो. मनगट हातात धरून नाडी बघतोय असं दाखवायचं, नजर पोटावर ठेवायची आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजायचं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. २४ किंवा जास्त भरले तर ऑक्सिमीटर काहीही म्हणो, फोन उचलायचा.